कोच गेला, प्लेयर गेला, पॅनल तेच! टोरांटोच्या हॉकी मीडियाला खुलं पत्र

टोरांटोतले तमाम आइस हॉकी पत्रकार, टीव्हीच्या पॅनलवर बसणारे, पॉडकास्टवाले आणि दुपारी रेडिओवर तीन-तीन तास बोलणारे, यांस

सा. न. वि. वि.

मी मूळची कोल्हापूरची, गेली सोळा वर्षं कॅनडात, त्यातली पहिली तीन ब्रॅम्प्टनच्या एका बेसमेंटमध्ये आणि बाकीची मिसिसागात. पत्र मराठीत लिहितेय कारण राग आला की मला इंग्रजी सुचत नाही, आणि सध्या मला राग आलाय. थोरली लेक याचं इंग्रजी करून तुमच्यातल्या चार-पाच जणांना पाठवणार आहे, तिनं काही शब्द गुळगुळीत केले तर ते तिचं पाप. आणि खरं सांगायचं तर हे पत्र जितकं तुम्हाला आहे तितकंच इथल्या आपल्या मराठी मंडळींना पण आहे, जी आरतीच्या रांगेत प्रसादाची वाटी धरून उभी असतानाही टोरांटोची मेपल लीफ्स टीम सोडून गेलेल्या मार्नरच्या नावानं खडे फोडत असतात.

झालं काय ते आधी सांगते. गेल्या रविवारी माझ्या मुलाच्या टीमच्या कोचनं टीम सोडली. पोरगा बाराचा, हाउस लीगमध्ये खेळतो, म्हणजे हौसेचं हॉकी, इथून कुणी एनएचएलला, म्हणजे हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगला, जाणार नाही हे पोरांना पण माहितीय. कोच म्हणजे त्याच टीममधल्या एका पोराचा बाप. दिवसभर लोकांच्या घरातल्या फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या, दुरुस्त करतो, शनिवारी पहाटे पावणेसहाला रिंकवर हजर, पगार शून्य. जॅकेटच्या खिशात कायम काळ्या टेपचं रीळ. ज्या पोरांना स्केट्सच्या लेस आवळता येत नाहीत त्यांच्यासमोर ओल्या रबरी मॅटवर गुडघे टेकून बसायचा आणि लेस अशी ओढायचा की पोरगं बाकावरून पुढं सरकायचं. माझ्या पोराची डावी लेस त्यानं सप्टेंबरपासून बांधलीय, मला नाही तशी जमत.

टीम लागोपाठ पाच मॅच हरली. झालं, पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सुरू. एकानं लिहिलं, "ही हॅज लॉस्ट द रूम," म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये याचं आता कुणी ऐकत नाही. दुसऱ्यानं लिहिलं सिस्टिमच नाहीये, तिसऱ्यानं अकाउंटेबिलिटी, चौथ्यानं तर पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाच्या खेळाचे, टक्के काढून टाकले. मी ते वाचलं आणि मला पहिल्यांदा हसू आलं, कारण ती जी 'रूम' आहे ना, तिथं बारा वर्षांची पोरं एकमेकांना टेपचे गोळे मारत असतात आणि कुणाच्या मोज्यांना जास्त वास येतो यावर पैज लावतात, ती रूम मुळात कुणाच्या ताब्यात होती म्हणून यानं गमावली? पण मग लक्षात आलं, हे शब्द या लोकांचे नाहीतच, हे तुमचे आहेत. शब्द न् शब्द. गाडीत, किचनमध्ये, जिममध्ये दिवसभर तुमचं जे कानावर पडतं तेच त्यांनी त्या फर्नेसवाल्या माणसाच्या अंगावर फेकलं. आणि पुढचं लिहायला लाज वाटते पण लिहिते, 'लॉस्ट द रूम'वाल्या मेसेजवर मी अंगठा दिला होता. भाजी परतता परतता, जास्त विचार न करता. रविवारी त्यानं ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि ग्रुप सोडला.

म्हणून हे पत्र.

आता तुम्ही म्हणाल ही बाई कोण, हिला हॉकीतलं काय कळतं. मला हॉकी कळलं पंजाबीतून. ब्रॅम्प्टनला आम्ही खाली राहायचो, वर मालक पंजाबी, शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडं हॉकी नाइट पंजाबीतून लागायची, आणि त्या काकी मला वर बोलावून चहा देत ऑफसाइड म्हणजे काय ते पराठ्याच्या लाटण्यानं टेबलावर रेषा मारून दाखवायच्या. तेव्हापासून लीफ्स. बरं, लीफ्सचं असं आहे की त्यांनी शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची ट्रॉफी, १९६७ साली जिंकला, तेव्हा लीगमध्ये सहा टीम होत्या, आज बत्तीस आहेत. १९६७ ला माझे बाबा अर्धी चड्डी घालून शाळेत जायचे. म्हणजे हरणं काय असतं ते मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही, २०१३ ला बॉस्टनमध्ये गेम सेवनला, म्हणजे सिरीजच्या सातव्या, निर्णायक मॅचला, ४-१ पुढं असताना शेवटच्या पिरियडमध्ये आघाडी कशी घालवली ते मी सात महिन्यांचं पोट घेऊन उभ्यानं बघितलंय.

माझी पहिली तक्रार कोच बदलण्याच्या या खेळाबद्दल आहे, आणि ती लांब आहे, कारण तुम्ही तो फार लांबवलाय.

बॅबकॉकला २०१५ मध्ये लीफ्सचा कोच म्हणून आणलं, आठ वर्षं आणि ५० मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, तेव्हा तुम्ही असं लिहीत होता की आता देवच आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये लागोपाठ सहा मॅच हरल्यावर त्याला काढलं. मग कीफ आला. कीफनं रेग्युलर सीझनमध्ये २१२ जिंकल्या, ९७ साध्या वेळेत हरला, ४० ओव्हरटाइम-शूटआउटमध्ये. इतका चांगला हिशोब या क्लबच्या फार थोड्या कोचांच्या नावावर असेल. पण प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पाच उन्हाळ्यांत एकच सिरीज जिंकला, २०२३ ला टॅम्पाविरुद्ध, आणि मे २०२४ मध्ये बॉस्टनकडून गेम सेवन ओव्हरटाइममध्ये हरल्यावर पाचव्या दिवशी त्याला पण नारळ. मग बेरुबे. पहिल्याच वर्षी १०८ पॉइंट्स, डिव्हिजनमध्ये पहिला नंबर, ऑटावाच्या टीमला हरवलं, फ्लोरिडाविरुद्ध २-० पुढं, मग सातव्या मॅचला घरच्या बर्फावर १-६ असा धुव्वा. धुव्वाच होता, नाही म्हणत नाही. पण ती फ्लोरिडा आदल्या वर्षीची चॅम्पियन होती आणि पुढच्या महिन्यात परत चॅम्पियन झाली. आणि २०२५-२६ च्या सीझनला जेमतेम दोन महिने होत होते तर बेरुबे 'हॉट सीट'वर आहे का यावर तुमचे सेगमेंट सुरू झाले, खाली पट्टी, बाजूला घड्याळ.

मला सांगा, याच बेरुबेची सेंट लुईसची गोष्ट तुम्हाला आठवत नाही असं कसं होईल? नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथं त्याला तात्पुरता कोच केला, आणि ३ जानेवारी २०१९ ला सकाळी ती टीम अख्ख्या लीगमध्ये शेवटची होती. शेवटची! म्हणजे कोच बदलून दीड महिना झाला तरी तळाला. तेव्हा तिथं कुणी पुन्हा कोच बदला म्हणून गळा काढला असता आणि मॅनेजमेंटनं ऐकलं असतं, तर जूनमध्ये बॉस्टनला जाऊन गेम सेवन ४-१ जिंकून कप उचलणारी टीम झालीच नसती. तुम्ही ही गोष्ट सांगता तेव्हा फक्त पहिला अर्धा भाग सांगता, की बघा कोच बदलला आणि कप आला. मधला दीड महिना गायब.

आणि मग तोच बेरुबे कप जिंकून देऊनही डिसेंबर २०२३ मध्ये सेंट लुईसनं काढला. बॉस्टनच्या माँटगोमेरीचं तर अजून भारी, २०२२-२३ ला ६५ विजय आणि १३५ पॉइंट्स, दोन्ही आकडे लीगचे रेकॉर्ड, बेस्ट कोचचं बक्षीस, आणि नोव्हेंबर २०२४ ला डच्चू, आणि पाच दिवसांत सेंट लुईसनं त्याला घेतला, त्यासाठी तिथला कोच काढून. म्हणजे हे संगीतखुर्चीसारखं चाललंय, तीच बारा-पंधरा माणसं या खुर्चीतून त्या खुर्चीत. फरक एवढाच की संगीत तुम्ही वाजवता आणि तुमची स्वतःची खुर्ची कुणी काढत नाही. लीफ्सचा प्रेसिडेंट शॅनहन अकरा वर्षांनी गेला, जनरल मॅनेजर डुबस गेला, तीन कोच झाले, मार्नर गेला. पॅनलवर मात्र तेच चेहरे, फक्त टाय नवीन.

व्हँकुव्हरच्या कोचचं, बुद्रोचं, मी विसरू शकत नाही. जानेवारी २०२३. त्याच्या जागी कोण येणार त्याचं नाव कित्येक दिवस सगळ्या चॅनेलवर, आणि हा माणूस रोज बेंचमागं उभा. शेवटच्या मॅचला अख्खं स्टेडियम त्याच्या नावाचा गजर करतंय, याच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी काढलं. चूक तिथल्या मॅनेजमेंटची होती हे तुम्ही बरोबर लिहिलंत, पण ती बातमी दिवसेंदिवस चघळून चघळून कुणी विकली? एका साठीच्या पुढच्या माणसाचं रडणं स्लो मोशनमध्ये कितीदा दाखवलंत?

दुसरी गोष्ट. जिथं खरंच कोचवर बोलायला हवं होतं तिथं तुम्ही होतात कुठं? २०१६-१७ च्या सीझनमध्ये बॅबकॉकनं मार्नरला, एकोणीस वर्षांच्या नवख्या पोराला, सांगितलं की टीममधल्या सगळ्यांची मेहनतीप्रमाणे यादी लाव. पोरानं लावली, कोच म्हणाला म्हणून लावली. आणि मग ज्यांची नावं यादीत खाली होती त्या सीनियर लोकांना कोचनं ते सांगून टाकलं. हे बाहेर आलं कधी? बॅबकॉकला काढल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधली तीन वर्षं तुम्ही रोज दोनदा त्याच्यासमोर माइक धरून उभे होता आणि चौथ्या लाइनला, म्हणजे चौथ्या फळीला, बर्फावर किती मिनिटं मिळाली ते मोजत होता. ते बाहेर आल्यावर मग अकीम अलियू नावाचा प्लेयर बोलला, दहा वर्षांपूर्वी बिल पीटर्सनं वर्णावरून केलेल्या शिवीगाळीबद्दल, आणि चार दिवसांत पीटर्सला कॅलगरीचं कोचपद सोडावं लागलं. २०२३ ला बॅबकॉक कोलंबसला गेला, प्लेयर्सचे फोन मागून त्यातले फोटो बघायचा हे बाहेर आलं, एकही मॅच न खेळवता सप्टेंबरमध्ये राजीनामा. ते बाहेर काढलं एका पॉडकास्टनं, आणि त्यासाठी त्यांना माझा सलाम, मनापासून. पत्रकारितेची किंमत मला कळते हो. हे जे काम आहे ना, बंद ड्रेसिंग रूममध्ये कोण कुणाला चिरडतंय ते शोधायचं, ते करा. त्याला वेळ लागतो, फोन करावे लागतात, पॅनलवर बसून भुवया उंच करून ते होत नाही.

आता प्लेयर्सबद्दल, इथं मी जरा थांबणार आहे.

या शहराची एक सवय आहे, एक माणूस धरायचा आणि त्याला धुवायचा. नव्वदीत लॅरी मर्फी होता, पक, म्हणजे हॉकीची चकती, त्याच्याकडं गेला की घरचेच लोक हुर्यो करायचे. १९९७ ला डेट्रॉइटला पाठवला, तिथं त्यानं त्याच वर्षी कप जिंकला, पुढच्या वर्षी परत जिंकला, आणि नंतर हॉल ऑफ फेममध्ये गेला. मग केसल. फिल केसल लीफ्समधून गेला त्या आठवड्यात एका कॉलममध्ये छापून आलं की तो म्हणे रोज दुपारी ठरावीक गाडीवर जाऊन हॉट डॉग खायचा, त्यातले तपशील जुळत नाहीत हे पुढं इतरांनी दाखवून दिलं, पण तोवर तो माणूस म्हणजे हॉट डॉग एवढंच उरलं. हा तोच माणूस ज्याला पहिल्याच सीझनमध्ये कॅन्सर झाला आणि तो ऑपरेशन करून परत खेळायला आला, ज्याच्या नावावर सलग १०६४ मॅचेसचा लीगचा रेकॉर्ड आहे. त्यानं पिट्सबर्गसाठी २०१६ आणि २०१७ ला कप जिंकला आणि कपमध्ये हॉट डॉग भरून फोटो टाकला. आमच्या घरी तो फोटो बराच काळ फ्रिजवर होता.

जेक गार्डिनर. २०१८ ची गेम सेवन बॉस्टनला, त्याचा दिवस इतका वाईट गेला की तो बर्फावर असताना झालेल्या गोलांचा हिशोब उणे पाच. मॅचनंतर तो पळून गेला नाही, उभा राहिला, तुमच्या डझनभर माइकांसमोर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की माझी चूक. आणि पुढच्या जानेवारीत घरच्या मॅचला त्याची हुर्यो झाली. मी त्या रात्री टीव्ही बंद केला होता. जो माणूस चूक कबूल करतो त्याच्याशी आपण असं वागतो, आणि मग तक्रार करतो की प्लेयर मीडियासमोर ठोकळ्यासारखे बोलतात, वन गेम अॅट अ टाइम, पक्स डीप, बास. का नाही बोलणार ठोकळ्यासारखे?

आणि मार्नर. मार्कमला जन्मलेला, इथंच वाढलेला, इथल्याच रिंकवर शिकलेला पोरगा. नऊ सीझन, ६५७ मॅच, ७४१ पॉइंट्स, म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून, शेवटच्या वर्षी १०२. मोठ्या मॅचेसना तो दिसला नाही, मान्य, शंभर टक्के मान्य, फ्लोरिडाविरुद्ध गेम सेवनला मी स्वतः सोफ्यावरून ओरडले होते. टीका कराच. पॉवर प्लेवर तो पक किती वेळ धरून ठेवतो, का धरतो, त्याच्यासमोरचा डिफेन्समन काय करतो, दाखवा की चित्र काढून, आम्हाला आवडेल. पण तुम्ही दाखवलंत काय तर बेंचवर तो ओरडतानाची क्लिप, परत परत, आणि मग त्यावर ओठ वाचणारे तज्ज्ञ. त्याचा बाप काय करतो, एजंट कसा आहे, बायको काय पोस्ट करते. त्याच महिन्यात त्यांच्या घरी पहिलं बाळ आलं होतं. आणि त्यानंतर कुणीतरी त्याच्या घराचा पत्ता सोशल मीडियावर टाकला आणि घराबाहेर चोवीस तास सिक्युरिटी ठेवायला लागली, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. पत्ता तुम्ही टाकला नाही. मला माहितीय तुम्ही टाकला नाही. पण वर्षभर रोज तीन तास चूल पेटती ठेवायची आणि घर पेटलं की म्हणायचं आम्ही तर फक्त फुंकर मारत होतो, असं कसं चालेल?

डुबसचं पण तेच. मे २०२३ मध्ये त्यानं प्रेसमध्ये सांगितलं की हे वर्ष घरच्यांना फार जड गेलंय, चार दिवसांत तो क्लबमधून बाहेर. माणूस घरच्यांचं नाव काढतो आणि तुमची चर्चा कशावर, तर ही पगार वाढवायची चाल होती का यावर.

२०२५ च्या उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेल्यावर माझ्या पोरानं त्याच्या सोळा नंबरच्या जर्सीवरच्या नावावर काळी टेप चिकटवली. मी विचारलं का रे, तर म्हणाला सगळे चिकटवतायत. टेप काढली तर अक्षरांचा रंग पण निघून येतो, मी एका कोपऱ्यात बघितलं काढून. तशीच आहे जर्सी अजून.

पैशाचं पटकन सांगते. लीफ्स ज्या कंपनीची आहे तिच्यात २०१२ पासून रॉजर्स आणि बेल या दोन टेलिकॉम कंपन्या मोठ्या मालक होत्या, एकीकडं स्पोर्ट्सनेट चॅनेल, दुसरीकडं टीएसएन चॅनेल, आणि जुलै २०२५ मध्ये ७५ टक्के एकट्या रॉजर्सकडं गेले. म्हणजे ज्यांची टीम त्यांचंच चॅनेल, टीम जिंकली तरी धंदा आणि हरली तरी, उलट हरल्यावर पॅनल अर्धा तास जास्त चालतं. यात लपवलेलं काही नाही, सगळं छापून आलेलं आहे, पण पॅनलवर बसून कोचला कुणी नेमलं, पैसे कुणी दिले यावर तावातावानं बोलताना हे एका वाक्यात सांगायला काय होतं? आणि एप्रिल २०२२ पासून ओंटारियोत ऑनलाइन बेटिंगचा बाजार उघडल्यापासून तर मॅचच्या मध्ये मध्ये भाव सांगतात. बारा वर्षांच्या पोराला ओव्हर-अंडर कळतं हो आमच्याकडं. पैज हरलेला माणूस रात्री दोन वाजता प्लेयरच्या बायकोला मेसेजमध्ये काय लिहीत असेल याची कल्पना करा.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड आहे, पेठापेठांच्या तालमींच्या टीम, शाहू स्टेडियम खचाखच, भांडणं पण होतात, नाही असं नाही. माझा भाऊ एका तालमीकडून खेळायचा. एकदा सेमीफायनलला त्याची पेनल्टी बारवरून गेली. संध्याकाळी गंगावेशीला दूध कट्ट्यावर गेला तर जो म्हातारा दुपारी स्टँडमधून त्याच्या सात पिढ्या काढत होता तोच समोर, हातात म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास. त्यानं तिथंही झापलं, की अरे पाय कुठं होता तुझा, छाती मागं का टाकलीस, बॉल उचलणारच की मग. आणि मग दुधाचे पैसे त्यानंच दिले. मला एवढंच म्हणायचंय की शिव्या देणाऱ्याचं तोंड दिसायचं आणि उद्या परत त्याच कट्ट्यावर भेटायचं असायचं, त्यामुळं शिवीत पण पेनल्टी कशी मारायची ते असायचं. तुमच्या तीन तासांत ते मला सापडत नाही.

आणि आता आपल्या मराठी ग्रुपवाल्यांनो, तुम्ही हसू नका. २०२४ च्या आयपीएलला वानखेडेवर हार्दिकची हुर्यो झाली, घरच्या मैदानावर, इतकी की टॉसला संजय मांजरेकरला लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. तीन महिन्यांनी त्यानं वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर टाकली आणि जुलैमध्ये त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष. तेव्हा आपण ग्रुपवर काय काय फॉरवर्ड करत होतो आणि नंतर काय काय, दोन्ही माझ्या फोनमध्ये आहे, माझं पण आहे त्यात. तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी जरा दम खा.

तर मागण्या. फार नाहीत आणि कुठलीच अशक्य नाही.

घरच्यांना सोडा. बाप, बायको, पोरं, घर, गाडी, कुठं जेवले, काय खाल्लं, यातलं काहीही हॉकी नाही.

कोच जाणार अशी बातमी देता तेव्हा ती बातमी आहे की तुमचा अंदाज आहे ते त्याच वाक्यात सांगा. आणि अंदाज चुकला तर ज्या वेळेला, ज्या आवाजात सांगितला होता त्याच वेळेला त्याच आवाजात सांगा की चुकलो. केसलच्या हॉट डॉगची उधारी अजून बाकी आहे, तिथून सुरुवात केली तरी चालेल.

मालक कोण आहे ते सांगा, प्रत्येक वेळी, आणि मॅच हरल्यावरच्या चर्चेत बेटिंगचे भाव नकोत.

हरलेल्या प्लेयरला रडताना दाखवायचं असेल तर एकदा दाखवा. एकदाच.

आणि आठवड्यातून एक तास तरी खरं हॉकी शिकवा. पॉवर प्लेवर पक आत कसा आणायचा, गोलकीपरनं कोपरा कसा झाकायचा, थकलेल्या लाइननं बदली कधी घ्यायची, कोच बेंचवर त्या तीस सेकंदांत काय काय बघत असतो. तुमच्यात स्वतः खेळलेले लोक आहेत, कोचिंग केलेले आहेत, तुम्हाला हे येतं. मला खात्री आहे तुम्हाला येतं, कारण कधीतरी रात्री उशिरा, कुणी ऐकत नसताना, तुम्ही ते बोलता आणि तेव्हा मी डिशवॉशर बंद करून ऐकते.

शनिवारी सकाळी सहा पन्नासला आमची मॅच आहे. कोच नाही. बेंचमागं कोण उभं राहणार यावर ग्रुपवर बुधवारपासून शांतता आहे, पॉवर प्लेचे टक्के काढणारे पण गप्प. त्या फर्नेसवाल्या माणसाला मी काल रात्री वेगळा मेसेज केला, अंगठा मी दिला होता हे पण लिहिलं, आणि डाव्या पायाची लेस मला बांधता येत नाही हे पण. दोन्ही टिका निळ्या झाल्यात. उत्तर आलेलं नाही.

कळावे,
एक हॉकी मॉम, मिसिसागा